तौलनिक साहित्याचे पदव्युत्तर शिक्षण : भाषा किती, प्रश्न कोणता, मार्गदर्शक कोण?

शब्दयात्री

तौलनिक साहित्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा आणि जमल्यास पुढे पीएचडी करण्याचा माझा विचार आता बराचसा पक्का झाला आहे. त्यासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन मिळावे म्हणून हा धागा काढत आहे. पदवीला माझा विषय रशियन भाषा व साहित्य हा होता. शब्दकोश जवळ ठेवून मी कथा-कादंबऱ्या वाचू शकते, परंतु रशियन समीक्षेचे गद्य अजून जड जाते. मराठी साहित्याचे वाचन लहानपणापासून आहे, मात्र त्याचे शिस्तशीर शिक्षण झालेले नाही.

निरनिराळ्या विद्यापीठांची माहितीपत्रके चाळताना गोंधळ वाढत चालला आहे. कोठे 'तौलनिक साहित्य' असे नाव आहे, कोठे 'विश्वसाहित्य', तर कोठे 'आधुनिक भाषा आणि संस्कृती'. आत पाहावे तर सिद्धान्त, भाषांतर, स्थलांतर, स्मृती, चित्रपट हे घटक सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच दिसतात. हा फरक केवळ पाटीचा आहे की अभ्यासाच्या पद्धतीतही आहे? मूळ भाषेत वाचता येणाऱ्या किती भाषा असाव्यात, असे प्रत्यक्षात अपेक्षित असते? अर्जासोबत संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो, त्यासाठी मी पुढील विषय योजला आहे : 'मॅक्सिम गॉर्की आणि अण्णाभाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांतील श्रमिकांचे चित्रण : एक तौलनिक अभ्यास'. त्यावरही स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

तळटीप

नावांचा प्रश्न आधी घेतो. तो वरवरचा वाटला तरी तसा नाही, कारण यातील दोन नावांमागे जुने वाद आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत.

तौलनिक साहित्य ही शाखा एकोणिसाव्या शतकातील युरोपात आकाराला आली, तेव्हा दोन राष्ट्रीय साहित्यांमधील देवघेव नोंदवणे हे तिचे मुख्य काम होते. कोणी कोणाला वाचले, कोणते पुस्तक कोणाच्या भाषांतरातून सीमेपलीकडे गेले, कोणाचे ऋण कोणावर आहे, याचा पुराव्यानिशी माग काढायचा आणि शक्यतो तेथेच थांबायचे. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच पद्धत प्रमाण मानली जात असे. १९५८ साली अमेरिकेत चॅपल हिल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत समीक्षक रेने वेलेक यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. आयात-निर्यातीचा असा हिशेब मांडत बसल्याने साहित्यकृतीला साहित्यकृती म्हणून भिडायचे राहूनच जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कधीही संपर्क न आलेल्या साहित्यांचीही तुलना होऊ शकते, हा विचार त्यानंतरच्या दशकांत रुजला आणि कशाचीही कशाशीही तुलना करण्याची मुभा आपल्याला मिळाली आहे, अशी पुष्कळांनी त्यासोबतच समजूत करून घेतली.

विश्वसाहित्याची वाट निराळी आहे. राष्ट्रीय साहित्यांचे दिवस सरत आले असून विश्वसाहित्याचे युग उंबरठ्यावर आहे, असे जर्मन कवी गटे १८२७ साली आपला सहकारी एकरमान याच्याशी बोलताना म्हणाला, तेव्हा तो एक चिनी कादंबरी भाषांतरात वाचत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०७ साली कोलकात्यात राष्ट्रीय शिक्षण परिषदेने रवींद्रनाथ ठाकुरांना तौलनिक साहित्यावर व्याख्यान देण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा त्यांनी आपण होऊन विषयाला 'विश्वसाहित्य' हे नाव दिले. त्याच परिषदेच्या परंपरेतून पुढे जादवपूर विद्यापीठ उभे राहिले आणि १९५६ साली बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तेथे तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. अलीकडच्या काळात मात्र विश्वसाहित्य या नावाखाली बहुधा भाषांतरित साहित्याचे वाचन चालते. इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती यांनी २०००च्या सुमारास तर असे सुचवले की, जगातील कादंबरीचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर प्रत्येक कादंबरी स्वतः वाचण्याचा हट्ट सोडावा आणि निरनिराळ्या भाषांतील अभ्यासकांच्या निष्कर्षांवरून आकृतिबंध शोधावेत. या सूचनेवर उठलेले वादळ अजून शमलेले नाही.

'आधुनिक भाषा आणि संस्कृती' हे नाव बहुतांशी प्रशासकीय सोयीतून आले आहे. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, इटालियन असे पूर्वी स्वतंत्र असलेले विभाग विद्यार्थिसंख्या घटल्यावर एका छत्राखाली आणले गेले आणि सर्वांना सामावून घेईल असे नाव शोधले गेले. म्हणून ते वाईट असते असे नाही. उलट भाषेचे शिक्षण तेथे अनेकदा अधिक पक्के मिळते आणि साहित्याबरोबर चित्रपट, वृत्तपत्रे, संग्रहालये यांचाही अभ्यास करता येतो.

निवड करताना माहितीपत्रकातील उद्दिष्टे वाचण्यात वेळ दवडू नये, ती सर्वत्र एकाच साच्यातून काढलेली असतात. एखाद्या अभ्यासपत्रिकेसाठी नेमलेल्या पुस्तकांची यादी मागवावी आणि ती पुस्तके कोणत्या भाषेत वाचणे अपेक्षित आहे, एवढेच पाहावे. पाट्या कितीही वेगळ्या असल्या तरी अभ्यासक्रमाचा खरा स्वभाव त्या यादीत कळतो.

बहुभाषिक

भाषांच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर द्यायचे तर, दोन भाषा पक्क्या असाव्यात आणि तिसरी कामचलाऊ असावी. अमेरिकेतील पीएचडीच्या कार्यक्रमांत इंग्रजीखेरीज दोन किंवा तीन भाषांचे वाचनापुरते ज्ञान मागण्याची रीत आहे. ते तपासण्याची पद्धत साधी पण निर्दय असते : समीक्षेतील किंवा इतिहासग्रंथातील एखादे-दुसरे पान समोर ठेवतात, शब्दकोश वापरू देतात आणि ठरलेल्या वेळात भाषांतर करायला सांगतात. आपण कथा वाचू शकता पण समीक्षा जड जाते, असे लिहिले आहे. कथेत प्रसंग आपल्याला पुढे ओढून नेतो, अर्धे शब्द अंदाजाने लागतात. समीक्षेत ती सोय नसते, एक उपवाक्य निसटले की लेखक कोणाचे मत मांडतो आहे आणि कोणाचे खोडतो आहे, हेच उलटे होऊन बसते. तेव्हा प्रवेशाची वाट न पाहता आजपासून रोज एक परिच्छेद लेखी भाषांतरित करण्याचा नेम ठेवावा.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचे विद्यार्थी अर्ज भरताना फ्रेंच किंवा जर्मनची प्राथमिक पातळी अभिमानाने नमूद करतात आणि मराठी, हिंदी या भाषा 'मातृभाषा व इतर' अशा रकान्यात ढकलून देतात. वास्तविक रशियन आणि मराठी या दोन्ही भाषांतील मूळ मजकूर वाचू शकणारा संशोधक ही दुर्मिळ गोष्ट आहे. अर्जातील आपले बळ तेथेच आहे, ते पहिल्या परिच्छेदात यावे.

शब्दयात्री

तळटीप आणि बहुभाषिक, आपणा दोघांचेही आभार. नेमलेल्या पुस्तकांच्या यादीची कसोटी लगेच लावून पाहिली. तीनपैकी दोन कार्यक्रमांत सर्वच्या सर्व वाचन इंग्रजीतून आहे, तिसऱ्यात मूळ भाषा येणाऱ्यांसाठी वेगळी यादी आहे. तिसऱ्याचा क्रम वर नेला आहे.

विषयाबद्दल मात्र अजून कोणी काही लिहिले नाही. हे मौन सूचक तर नाही ना?

चिकित्सक

मौन सूचकच असावे, त्यामुळे वाईटपणा मी घेतो. विषय चांगला आहे, शीर्षक मात्र टाकून देण्याच्या लायकीचे आहे आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

अण्णाभाऊंना 'महाराष्ट्राचे गॉर्की' म्हणण्याची प्रथा जुनी आहे. आपल्या शीर्षकाने ती उपाधी उचलली आणि तिलाच प्रबंधाचा साज चढवला. अशा प्रबंधाचे पुढे काय होते, हे ठरून गेलेले असते : एक प्रकरण गॉर्कीच्या जीवनावर, एक अण्णाभाऊंच्या जीवनावर, मग साम्यस्थळे, भेदस्थळे आणि शेवटी दोघेही मानवतावादी असल्याचा निष्कर्ष. दारिद्र्य दोघांनी भोगले, शाळा दोघांच्याही वाट्याला जवळजवळ आली नाही, कष्टकऱ्यांविषयी दोघांनीही लिहिले, हे सगळे खरे असले तरी संशोधनाआधीच ठाऊक होते. तुलना करूनही जे ठाऊक होते तेच हाती लागणार असेल तर तुलनेची गरज काय, याचे उत्तर शीर्षकात असावे लागते. आपल्या शीर्षकात ते नाही.

शिवाय ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. गॉर्कीच्या 'आई' कादंबरीतला पावेल व्लासोव हा कारखान्यातला कामगार आहे. अण्णाभाऊंचा फकिरा कारखान्यातला नाही. तो ब्रिटिश अमदानीतल्या खेड्यातला, मातंग समाजातला बंडखोर आहे, दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी लूट करणारा आहे. या दोघांना 'श्रमिक' या एकाच खणात कोंबले की दोन्ही कादंबऱ्यांतली धग विझते आणि विशेषतः अण्णाभाऊंच्या लेखनातला जातीचा प्रश्न नाहीसा होतो. उपाधी गौरवाची असली तरी तिची किंमत ही अशी मोजावी लागते.

आता विषय चांगला का आहे, ते सांगतो. 'आई'मध्ये एक मे रोजी कामगारांची मिरवणूक निघते आणि पावेल तांबडा झेंडा घेऊन पुढे चालतो. शिपाई चालून येतात, पकडापकडी होते, झेंड्याची काठी मोडते, आणि त्याची आई जमिनीवर पडलेला मोडक्या काठीचा तुकडा तांबड्या चिंध्यांसकट उचलून घेते. 'फकिरा'च्या आरंभीच्या भागात फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावाची जोगणी, म्हणजे जत्रेत मिरवली जाणारी मानाची वस्तू, आपल्या गावात आणताना जिवाला मुकतो आणि त्या मानाचे ओझे मुलाच्या खांद्यावर येते. दोन्हीकडे एक वस्तू आहे. ती मिरवली जाते, तिच्यासाठी जीव धोक्यात घातला जातो आणि एका पिढीच्या हातून ती दुसऱ्या पिढीच्या हाती जाते. परंतु दिशा पाहा. झेंडा मुलाकडून आईकडे येतो, म्हणजे नवा विचार धाकट्याकडून थोरल्याकडे चढत जातो आणि थोरले माणूस त्या विचाराने बदलते. जोगणीचा मान बापाकडून मुलाकडे उतरतो, म्हणजे बंडाचे बळ परंपरेने दिलेल्या मानातून येते. क्रांतीचा वारसा कोण कोणाला देतो, हा प्रश्न दोन्ही कादंबऱ्या विचारतात आणि परस्परविरोधी उत्तरे देतात. एकटी 'आई' वाचून हे लक्षात आले नसते, एकटी 'फकिरा' वाचूनही नाही. तुलनेचे कारण असे असावे.

तळटीप

चिकित्सक यांचे वाचन मनापासून आवडले, तरीही एक आक्षेप नोंदवतो. 'फकिरा' १९५९ची आणि 'आई' १९०६-०७ची. अण्णाभाऊंच्या मनात 'फकिरा' लिहिताना झेंड्याचा तो प्रसंग होता, असे आपण सुचवत आहात काय? तसे असेल तर पुरावा हवा. नसेल, तर झेंडा आणि जोगणी यांचा हा बादरायण संबंध ठरण्याचा धोका आहे. मिरवणूक, वस्तू आणि बलिदान असलेल्या कादंबऱ्या जगात पुष्कळ सापडतील.

चिकित्सक

तसे मी सुचवत नाही. येथे दोन निरनिराळे मार्ग आहेत आणि शब्दयात्री यांनी आराखडा लिहिण्यापूर्वी त्यांतला मुख्य कोणता, हे ठरवले पाहिजे.

पहिला मार्ग संपर्काचा. गॉर्की मराठीत नेमका कसा पोहोचला, हे या मार्गाने शोधावे लागेल, आणि हे काम वाटते त्यापेक्षा फार रंजक आहे. 'आई' ही कादंबरीच मुळात अमेरिकेतील एका मासिकातून इंग्रजी भाषांतराच्या रूपाने प्रथम वाचकांसमोर आली. पुढे सोव्हिएत काळात तिला समाजवादी वास्तववादाचा वस्तुपाठ म्हणून प्रतिष्ठा मिळाली. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाने रशियन पुस्तके अनेक भारतीय भाषांत आणि मराठीतही अत्यंत स्वस्तात उपलब्ध करून दिली. दुसरीकडे इंग्रजीवरून मराठीत आलेली भाषांतरेही होती. म्हणजे मराठीत एकच गॉर्की नाही. १८९०च्या दशकातल्या भटक्या, बेघर माणसांच्या कथा लिहिणारा, 'आई' लिहिणारा आणि आत्मचरित्राचे तीन खंड लिहिणारा, असे किमान तीन गॉर्की निरनिराळ्या वाटांनी आणि निरनिराळ्या वेळी आले. त्यांतला कोणता गॉर्की शाहिरांच्या आणि कामगार कार्यकर्त्यांच्या वर्तुळात फिरत होता, तो छापील पुस्तकातून आला की सभेत कोणी सांगितलेल्या गोष्टीतून, हे नियतकालिकांच्या जुन्या फायली, प्रकाशकांच्या याद्या आणि आठवणीपर लेखन यांतून शोधता येईल. (अवांतर : गॉर्कीने स्वतः १९१८ साली पेट्रोग्राडमध्ये 'विश्वसाहित्य' याच नावाची प्रकाशनसंस्था काढली होती आणि क्रांतीनंतरच्या त्या उपासमारीच्या दिवसांत भाषांतरकारांच्या हाताला काम दिले होते. तळटीप यांनी वर दिलेल्या इतिहासात त्याचीही जागा आहे.)

दुसरा मार्ग संपर्काशिवायच्या साम्याचा. सामाजिक स्थिती मिळतीजुळती असली की साहित्यातही मिळतीजुळती रूपे स्वतंत्रपणे उगवतात, हा विचार रशियन परंपरेत फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात वेसेलोव्स्की यांनी त्याचा पाया घातला आणि विसाव्या शतकात झिरमुन्स्की यांनी त्याची व्यवस्थित मांडणी केली. शब्दयात्री रशियन वाचतात, तेव्हा हे दोघे त्यांनी मूळ भाषेत वाचावेत, असे मी आग्रहाने सुचवीन. समीक्षेच्या गद्याचा सराव आपोआप होईल. शिवाय पॅरिस आणि अमेरिका यांच्यातील वादापलीकडची तिसरी सैद्धान्तिक भूमी आराखड्याला मिळेल. झेंडा आणि जोगणी यांचे माझे वाचन या दुसऱ्या मार्गात बसते. तेथे पुराव्याचे ओझे कमी नसते, ते वेगळ्या जागी असते. हे साम्य कोणत्या सामाजिक स्थितीतून आले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फरक कोणत्या स्थितीतून आला, हे दाखवून द्यावे लागते.

जुनी फाईल

वर चाललेल्या चर्चेत पोवाडा राहून गेला, याचे आश्चर्य वाटले. अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धातला आहे. व्होल्गेच्या काठच्या शहराची लढाई मराठी शाहिरी परंपरेतल्या रचनाप्रकारात आली, तीही वृत्तपत्रांतून आणि पक्षाच्या सभांतून बातम्या येत होत्या त्याच काळात. संपर्काचा यापेक्षा ठसठशीत पुरावा दुसरा कोणता हवा? ऐतिहासिक वीरांसाठी घडलेला रचनाप्रकार परक्या देशातल्या सामुदायिक पराक्रमासाठी वापरताना त्याला कोठे वाकावे लागले, एकट्या नायकाची जागा शहराने घेतली की नाही, शाहिराची 'जी जी'ची साथ आणि वार्तापत्राचा तपशील एकत्र कसे नांदतात, हे प्रश्न कोणत्याही दोन कादंबऱ्यांच्या तुलनेपेक्षा मला अधिक मोलाचे वाटतात. १९६१ साली अण्णाभाऊ प्रत्यक्ष रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. म्हणजे ऐकलेला रशिया आणि पाहिलेला रशिया असे दोन्ही टप्पे एकाच लेखकाच्या हातचे उपलब्ध आहेत.

लेखकाला लेखकासमोर उभे करण्यापेक्षा एका रचनाप्रकाराच्या पाठोपाठ जावे, असे माझे मत आहे.

बहुभाषिक

जुनी फाईल यांच्याशी पूर्ण सहमत. प्रवासवर्णनात सोव्हिएत यजमानांनी दाखवलेला रशिया किती आणि लेखकाने स्वतः हेरलेला किती, हेही रशियन येत असल्याशिवाय नीट तपासता येणार नाही. भाषा आणि विषय एकमेकांना शोभून दिसतात ते असे.

प्रबंधकार

विषयावरची चर्चा उद्बोधक आहे, परंतु या शाखेत प्रबंध पूर्ण केलेली व्यक्ती म्हणून मी मार्गदर्शकाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधते. आराखडा उत्तम असूनही काम रखडते ते येथे.

दोन भाषांतल्या साहित्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही भाषा येणारा मार्गदर्शक क्वचितच मिळतो. मग दोन विभागांतून दोन मार्गदर्शक घ्यावे लागतात. कागदावर ही व्यवस्था आदर्श दिसते, प्रत्यक्षात मात्र विद्यार्थ्याला दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहावे लागते. माझ्या बाबतीत एका मार्गदर्शकांना एका भाषेतील प्रकरणे वाचता येत होती आणि दुसऱ्यांना दुसऱ्या भाषेतील. दोन्ही साहित्ये जेथे एकत्र येतात ती प्रकरणे दोघेही अर्ध्या विश्वासावर वाचत. परीक्षक नेमतानाही तीच अडचण आली आणि त्यात बरेच महिने गेले. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच संभाव्य मार्गदर्शकाला पत्र लिहून विचारावे : आपल्याला न येणाऱ्या भाषेतील साहित्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण यापूर्वी मार्गदर्शन केले आहे काय, आणि त्या भाषेतील तज्ज्ञ कोठून मिळवला? या प्रश्नाचे गुळमुळीत उत्तर आले तर ते नकाराइतकेच स्पष्ट समजावे.

अभ्यासक्रमाच्या लांबीचाही विचार करावा. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवी साधारणतः एका वर्षाची आणि १८० क्रेडिटची असते, त्यात भाषा पक्की करायला सवड मिळत नाही. युरोपातील अन्य देशांत दोन वर्षांचा, १२० युरोपीय क्रेडिटचा अभ्यासक्रम प्रचलित आहे आणि एखादे सत्र दुसऱ्या देशात, म्हणजेच दुसऱ्या भाषेत, घालवण्याची सोय पुष्कळदा असते. आपली रशियन अजून मध्यम पातळीवर आहे असे दिसते, म्हणून दोन वर्षांचा पर्याय सोयीचा पडेल. अमेरिकेतील पीएचडीत सुरुवातीची दोन-तीन वर्षे अभ्यासपत्रिका आणि व्यापक वाचनाची परीक्षा यांत जातात. तेथे निर्वाहवेतनाच्या बदल्यात शिकवावे लागते आणि ते शिकवणे बहुधा भाषेच्या प्राथमिक वर्गाचे असते. तो अनुभव नोकरीच्या वेळी उपयोगी पडतो, कारण जाहिराती 'तौलनिक साहित्या'च्या फार थोड्या निघतात, बहुतेक एखाद्या भाषेच्या विभागातल्या असतात.

चिकित्सक

नोकरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ही शाखा विद्यापीठीय अंदाजपत्रकात नेहमी सुळावर असते. टोरांटो विद्यापीठातील तौलनिक साहित्य केंद्र कॅनेडियन समीक्षक नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९६९ साली स्थापन केले. असे नामांकित केंद्रही २०१० साली बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. जगभरातून विरोध झाल्यावर तो मागे घेतला गेला. तेव्हा प्रवेशासाठी विभाग निवडताना त्याच्या कीर्तीबरोबर त्यात कायमस्वरूपी प्राध्यापक किती आहेत, हेही विचारून घ्यावे.

तळटीप

आणि एक भाषा-साहित्य आपले 'घर' म्हणून पक्के ठेवावे, ही पुरवणी जोडतो. शब्दयात्री यांच्या बाबतीत ते रशियन की मराठी, हा निर्णय त्यांनी लवकर घ्यावा. मराठी साहित्याचे शिस्तशीर शिक्षण झालेले नाही, असे त्या म्हणतात. ती उणीव भरून काढल्याखेरीज अण्णाभाऊंवर लिहू नये, एवढे मी स्पष्टपणे सांगेन. शाहिरी वाङ्मयाचा इतिहास, दलित साहित्याच्या चर्चेत अण्णाभाऊंचे स्थान, मार्क्सवाद आणि आंबेडकरी विचार यांच्यातील ताण, हे सर्व वाचावे लागेल. 'फकिरा'ची अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला आहे. केवळ गॉर्कीच्या चष्म्यातून वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच अर्पणपत्रिका सुटते.

शब्दयात्री

सर्वांच्या प्रतिसादांचे टिपण काढले आणि आराखडा नव्याने लिहायला घेतला आहे. श्रमिकांच्या चित्रणाचे शीर्षक रद्द केले. नव्या आराखड्याचा गाभा असा : १९४०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत सोव्हिएत रशियाविषयीचे साहित्य आणि बातम्या मराठी कामगारवर्गीय सांस्कृतिक चळवळीत कोणत्या वाटांनी आल्या, आणि पोवाडा, कादंबरी व प्रवासवर्णन या तीन प्रकारांनी ती सामग्री कशी पचवली किंवा नाकारली. अण्णाभाऊंचे लेखन मध्यवर्ती राहील. गॉर्कीच्या मराठी भाषांतरांचा माग पहिल्या भागात येईल. झेंडा आणि जोगणी यांची तुलना एका प्रकरणापुरती, संपर्काचा दावा न करता, झिरमुन्स्की यांच्या मांडणीच्या आधारे करावी असे वाटते. 'घर' मराठी ठेवण्याचा विचार आहे. त्यासाठी प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा लागला तरी चालेल.

एकच शंका उरली आहे. हा विषय पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी फार मोठा तर होत नाही ना?

प्रबंधकार

होतो. हा पीएचडीचा आवाका आहे आणि पीएचडीच्या अर्जात तो तसाच मांडावा. पदव्युत्तर प्रबंधिकेला पंधरा-वीस हजार शब्दांची मर्यादा असते, तेवढ्यात एकच रचनाप्रकार नीट हाताळून होईल. पोवाडा घ्यावा. मजकूर आटोपशीर आहे आणि मराठी परंपरेचा जो अभ्यास आपल्याला नाही तरी करायचाच आहे, तो त्यानिमित्ताने होईल. रशियन बाजूला त्या लढाईविषयीच्या तत्कालीन वार्तालेखनाशी त्याची तुलना करता येईल. कादंबरी आणि प्रवासवर्णन पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावेत.

जुनी फाईल

पोवाड्याचा विषय ठरत असेल तर एक सूचना. छापील संहिता हाती आली की तेवढ्यावर थांबू नये. कलापथकांच्या कार्यक्रमांत पोवाडा गायला जाई, त्यामुळे निरनिराळ्या आवृत्त्यांतील पाठभेद आधी नोंदवावेत आणि कोणत्या पाठावर आपण काम करणार, ते प्रबंधिकेच्या पहिल्याच प्रकरणात सांगावे. नंतर परीक्षकाने दुसरी आवृत्ती पुढे केली, तर सगळे विवेचन पुन्हा तपासत बसावे लागेल.